सुरीच्या मुठीवरची अक्षरं

संग्रहालयात आधी चित्र बघायचं, पाटी नंतर वाचायची, ही माझी सवय. हेगच्या माउरित्सहाउसमध्ये त्या छोट्या स्थिरचित्रासमोर थांबले ती चीजसाठी. चीजचे मोठे कापलेले तुकडे एकावर एक, वर लोण्याच्या पापुद्र्यांची ताटली, पुढे बदाम, अंजीर, प्रेट्झेल. आणि टेबलाच्या कडेवरून किंचित बाहेर आलेली चांदीच्या मुठीची सुरी.

मुठीच्या अरुंद कडेवर काहीतरी कोरलेलं होतं. मी मुद्रितशोधक. अक्षर दिसलं की ते वाचल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. इथे मात्र अडले. नक्षी कुठे संपते आणि अक्षर कुठे सुरू होतं तेच कळेना. मान वाकडी केली, दोन पावलं मागे आले, पुन्हा वाकले. एक ‘आर’ लागला. मग शेजारी शेजारी दोन ‘ई’. ते दोन ‘ई’ सापडले आणि पुढचं-मागचं भराभर जुळलं: क्लारा पेटर्स (Clara Peeters).

सुरीच्या मालकिणीचं नाव, असं आधी वाटलं; पण हे तर चित्रकर्तीचं, सतराव्या शतकातल्या क्लाराचं. अशा सुऱ्या त्या काळी लग्नात भेट देत. मुठीवर निष्ठा आणि संयम यांच्या स्त्रीरूप आकृती आहेत, त्याही लग्नाला शोभणाऱ्या. म्हणून ही तिच्याच लग्नातली सुरी, असा तर्क केला जातो. मला तो पुरेसा वाटत नाही. नाव कोरलेली सुरी तिने इतर चित्रांतही ठेवली आहे. कोपऱ्यात सही करण्याऐवजी तिने ती चांदीवर केली, एवढं मला दिसतं.

तिच्या आयुष्याच्या नोंदी फारच थोड्या. ज्या लाकडी फळ्यांवर ती रंगवायची त्यांतल्या काहींमागे अँटवर्प शहराचे शिक्के आहेत, म्हणून ती तिथे काम करत असावी असं मानतात. जे आहे ते चित्रांतच. १६१२ च्या एका चित्रात सोनेरी पेल्याच्या फुगवट्यांवर तिची इवलीशी प्रतिबिंबं आहेत. ते आठवलं आणि मी या चित्रातल्या सुरईच्या कथलाच्या झाकणाकडे पाहिलं. होती! पांढऱ्या टोपीतला, नखाएवढाही नसलेला चेहरा. माझ्या घशात आवंढा आला.

पुन्हा सुरीकडे वळले. कोरलेलं काहीच नाही, सगळा रंग. तरी बोट फिरवलं तर खाच लागेल असं वाटत राहिलं.

मग पाटी वाचली. साधारण १६१५, ३४.५ बाय ४९.५ सेंटिमीटर. वर तिचं नाव, दोन्ही ‘ई’ जागच्या जागी.