हापूसची बिलं आणि तुटलेली अक्षरं

आज देवगडच्या हंगामाची सगळी बिलं नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) डिस्कवर फाइल न लिहिता मेमरीतूनच स्ट्रीम केली, म्हणजे प्रवाहासारखी पुढे पाठवली. बफर (मेमरीतला बाइटचा साठा) तयार असेल तर त्याचा स्ट्रीम करायला 'रीडेबल.फ्रॉम' पुरे, मात्र तो बफर तुकडे न करता एकगठ्ठा पुढे देतो.

खरी मेख तुकड्यांनी आलेला मजकूर गोळा करताना. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) ३ बाइटचं. तुकडा मध्येच तुटला आणि प्रत्येकावर वेगळं 'टू-स्ट्रिंग' केलं (बाइटचा मजकूर केला), की बागायतदाराच्या नावात प्रश्नचिन्हं! आपल्या माणसाचं नाव असं मोडलेलं बघवत नाही. आधी 'बफर.कॉन्कॅट'ने सगळे तुकडे जोडा, मग एकदाच 'टू-स्ट्रिंग'.

'पासथ्रू'ला (आलेलं तसंच पुढे देणारा स्ट्रीम) वाचणारा आधी जोडा. नाहीतर आतली जागा भरते, 'राइट' फॉल्स देतं (म्हणजे थांबा), 'ड्रेन' (जागा झाल्याची खूण) येतच नाही आणि काम ओहोटीला खाडीत रुतलेल्या होडीसारखं अडकतं. स्ट्रीम एकमेकांना जोडायला 'पाइप'पेक्षा 'पाइपलाइन' बरी, चूक झाली तर सगळे स्ट्रीम तीच बंद करते.