रॉड आधी घेतला तिथेच चुकलो

नेरुळला राहतो, सारसोळेच्या जेट्टीवर चारेक वर्षं गळ टाकतोय. शिंगाळी भरपूर, जिताडा आयुष्यात एकदाच, तोही दीड किलोचा. एवढ्यावर आपल्याला यातलं बऱ्यापैकी कळतं असा गोड गैरसमज झाला होता. ऑफिसातला एक मित्र उरणजवळच्या करंजाचा, त्याच्या बाबांची होडी आहे, सगळं गाव त्यांना दादूस म्हणतं म्हणून मीपण दादूसच म्हणतो. दिवाळीनंतर मित्र म्हणाला रविवारी खांदेरी बेटाकडे चाललोय, सुरमई लागतेय, येतोस का, ट्रोलिंग करू. ट्रोलिंग म्हणजे होडी चालूच ठेवायची आणि मागे तीस-चाळीस मीटरवर ल्यूर, म्हणजे नकली मासा, ओढत न्यायचा, सुरमईला पळणारं काहीतरी दिसलं की ती झडप घालते. मी हो म्हणालो आणि त्याच संध्याकाळी रॉड घ्यायला गेलो.

सात फुटी कार्बनचा रॉड, हलका, देखणा, हातात घेतल्यावर परत ठेवावासा वाटेना. दुकानदार म्हणाला समुद्रात मस्त चालेल. रील जेट्टीवरचंच, ४००० साइजचं स्पिनिंग, त्यावर नवी ब्रेडेड, म्हणजे बारीक धागे विणून केलेली, दोरी घरी सोफ्यावर बसून टीव्ही बघत भरली. हे सोफा प्रकरण लक्षात ठेवा.

करंजाहून खांदेरी त्या होडीने दोनेक तास. दीपगृह जवळ आल्यावर ल्यूर सोडला, पुढे पारदर्शक जीभ असलेला, ओढला की खोल बुडी मारतो तो. मासाबिसा काही नाही, नुसत्या ल्यूरच्या ओढीनेच रॉड अर्धा वाकला आणि रील आपोआप कर्र कर्र करत दोरी सोडत बसलं. म्हणून मी ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, आवळला. मग थोड्या वेळाने खरंच काहीतरी लागलं, दोरी सुटायला लागली, दहा-बारा मीटर गेली असेल आणि एकदम अडकली आणि फट्. चौदाशेचा ल्यूर गेला. सैल भरलेल्या ब्रेडचं असंच होतं, जोर आला की वरचा वेढा खालच्या वेढ्यांत घुसतो आणि रुतून बसतो. सोफ्यावर भरताना दोरीला ताणच दिला नव्हता.

दादूस सुकाणू धरून हे सगळं बघत होते. म्हणाले, "आरे बाला, मासा दोरीला लागतं, दांडीला नाय."

तेव्हा राग आला, पण परतीच्या वाटेवर पटलं. आधी कुठला मासा, मग किती ताकदीची दोरी, मग ती दोरी पुरेशी मावेल असं रील आणि सगळ्यात शेवटी त्या दोरीला शोभेल असा रॉड. मी नेमका मागून सुरू झालो होतो.

सुरमई आपल्याकडे साधारण दोन ते सहा किलोची, मोठी लागली तर दहाच्या वर, आणि पहिली धाव भन्नाट मारते, शंभर मीटर दोरी कधी गेली कळत नाही. त्याला ३० पाउंडी दोरी भरपूर. प्रश्न होता साधी तंगूस, म्हणजे एकपदरी नायलॉनची दोरी, की ब्रेड (हा ब्रेड मस्काविरहित). ब्रेड त्याच ताकदीला निम्म्या जाडीची, ३० पाउंडी तंगूस अर्ध्या मिलिमीटरच्या वर जाते आणि ब्रेड पाव मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे रीलवर जास्त मावते, पाणी कमी कापावं लागतं म्हणून ल्यूरही जास्त खोल जातो. पण ब्रेड अजिबात ताणत नाही. ट्रोलिंगमध्ये होडी पुढे चाललेली असते आणि मासा उलट दिशेने ओढत असतो, तो पहिला झटका कोणीतरी खायला हवा. तंगूस रबरासारखी थोडी ताणते आणि तो झटका खाते, ब्रेडवर तो थेट गळावर जातो आणि माशाचं तोंड फाटतं. मी तंगूस घेतली. स्वस्त आहे, गाठी सोप्या आहेत, आणि उन्हाने कमजोर होते म्हणून दरवर्षी बदलायची तर स्वस्तच बरी. पुढे ३०-४० सेंटिमीटर तार, कारण सुरमईचे दात म्हणजे कात्री, तारेशिवाय ल्यूर सोडणं म्हणजे दान करणं.

मग रील. ट्रोलिंगला रॉडच्या वर बसणारं ढोलासारखं रील लागतं, दोरी त्यात सरळ गुंडाळली जाते. त्यात दोन जाती. स्टार ड्रॅगमध्ये हँडलपाशी चांदणीसारखं चाक असतं, ते फिरवून घट्ट-सैल करायचं, पण मासा लागल्यावर घाबरून दोन वेढे आवळले की परत मूळ जागी येणं कठीण. लीव्हर ड्रॅगमध्ये बाजूला दांडा असतो, घरीच ताण ठरवून ठेवायचा आणि समुद्रात तो दांडा ‘स्ट्राइक’च्या खाचेपर्यंत ढकलायचा, बास. मी घाबरणाऱ्यातला आहे हे सिद्ध झालंच होतं, म्हणून ३० पाउंड वर्गातलं लीव्हर ड्रॅग घेतलं. दुसरं फुकट मिळालं, मामा मर्चंट नेव्हीत होते, त्यांच्या माळ्यावर पेन कंपनीचं जुनं सेनेटर रील पडलेलं. हे मॉडेल १९३६ पासूनचं, स्टार ड्रॅगवालं, वजनाला वरवंटा. वॉशर चिकटून बसले होते, उघडून साफ केले, ग्रीस लावलं, चालू झालं. बांधकाम असं की बिघडायला आत काही नाहीच.

रॉड शेवटी घेतला आणि पाच मिनिटांत घेतला. साडेपाच फुटी, फायबर ग्लासचा, त्यावर १५ ते २४ किलो लिहिलेलं, म्हणजे ३० ते ५० पाउंडी दोरीसाठी. दिसायला लाठी. बुडाला अधिक चिन्हासारखी खाच असते, ती होल्डरमधल्या आडव्या पिनेवर बसते म्हणजे रॉड गरगर फिरत नाही. दादूसच्या होडीला होल्डर कुठला, प्लंबरकडून जाड पीव्हीसी पाइप कापून आणला, आरपार बोल्ट टाकला आणि यू क्लॅम्पने काठाला आवळला. शिवाय रॉडला दोरखंड बांधला, कारण जोरात लागलं तर रॉडसकट रील समुद्रात गेल्याचे किस्से करंजात प्रत्येकाकडे आहेत.

तंगूस भरताना यावेळी बायकोने ओल्या फडक्यात दोरी घट्ट धरली, मी हँडल फिरवलं, हॉलमधून किचनपर्यंत दोरी. तिने या कामाचे पैसे मागितले.

आता ड्रॅग. हा भाग सगळे अंदाजपंचे करतात आणि माझ्या मते खरा खेळ इथेच आहे. दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ताण ठेवायचा. ३० पाउंड म्हणजे साडेतेरा किलो, म्हणजे साधारण साडेतीन ते साडेचार किलो. मोजायला सोसायटीत येणाऱ्या रद्दीवाल्याचा स्प्रिंग काटा मागितला, आणि खात्री म्हणून दोन लिटरची पाण्याची भरलेली बाटली लावून बघितली तर काटा दोन किलोला पावणेदोनच दाखवत होता! म्हणजे इतकी वर्षं रद्दी... असो. डिजिटल लगेज काटा आणला. रॉड खिडकीशी धरून, दोरी कड्यांतून ओवून, टोकाला काटा लावून हळू ओढायचं आणि रील घसरायला लागलं की आकडा बघायचा. ४.२ वर सेट केला. अजून एक गोष्ट तेव्हा कळली, दोरी जाऊन रीलवरचा गोळा निम्म्या व्यासाचा उरला की तोच ड्रॅग दुप्पट जड होतो. म्हणजे मासा लांब गेल्यावर आवळायचं नसतं, उलट सोडायचं असतं. माझा हात नेमका उलट जायचा.

दुसरी फेरी भांगाच्या दिवसात ठेवली. उधाणाला आपल्याकडे पाणी इतकं ढवळतं की चहा, भांगाला जरा निवळतं आणि सुरमई तर डोळ्यांनी शिकार करते. पाच नॉटवर होडी, लीव्हर ड्रॅगवर रापाला कंपनीचा एक्स-रॅप मॅग्नम १५ ल्यूर, त्यातला १५ म्हणजे तो पंधरा फूट खोल जातो, सेनेटरवर वरवर पळणारा एक.

दोऱ्या सोडल्यावर दादूस मागे आले, माझी तंगूस दोन बोटांत धरली, हळूच ओढली.

"घट हाय. जरा सोर."

वाद घातला नाही. लीव्हर खाचेतून जरा मागे घेतला, काटा लावला, ३.४.

पाऊण तासाने रीलचा क्लिकर, म्हणजे दोरी सुटली की वाजणारी खूण, किंचाळला. रॉड वाकला पण यावेळी वाकून थांबला, दोरी एकसारखी सुटत राहिली, मी लीव्हरला हात लावला नाही (लावावासा वाटत होता, खूप). दादूसने होडी बंद केली नाही, नुसती हळू केली म्हणजे दोरी सैल पडत नाही. दहा मिनिटांत सुरमई होडीला लागली, चार किलो दोनशे, त्याच काट्यावर. तारेवर दातांचे ओरखडे चमकत होते. सेनेटरला त्या दिवशी काही लागलं नाही.

आणि हो, दादूसच्या बाजूला पूर्ण वेळ प्लास्टिकच्या चौकटीवर गुंडाळलेली तंगूस होती, टोकाला तार, गळ आणि सिमेंटच्या गोणीतून काढलेले पांढरे धागे. रॉड नाही, रील नाही. दोन सुरमया. मासा ओढतो तेव्हा दोरी बोटांतून सोडायची, थांबला की खेचायची. पुढच्या वेळी तो लगेज काटा मी त्यांच्या बोटांना लावून बघणारे.