लहानपणी मार खाल्लाय का?

बाळंतपणानंतर इथे नॉर्वेत नर्स घरी येते. फुकट. आमच्याकडेही आली. बाळाचं वजन केलं, टाळू बघितली, माझे टाके बरे होताहेत का, झोप मिळते का, रडू येतं का, सगळं निवांत विचारलं. मग सासूबाईंना बाळाला घेऊन जरा आतल्या खोलीत बसाल का, असं गोड हसून सुचवलं. दार लागल्यावर मला दोन प्रश्न. घरात कुणाचा त्रास आहे का? आणि लहानपणी तुला घरी मारायचे का?

पहिल्याला मी नाही म्हटलं. दुसऱ्याला पटकन म्हणून गेले, "हो, म्हणजे सगळ्यांना मारायचे तसंच." तिचं पेन थांबलं. मग तिने काहीतरी लिहिलं.

काय लिहिलं असेल, या विचाराने त्या रात्री बाळ झोपलं तरी मी जागी. आता तुम्हाला काय सांगायचं? पाढे चुकले की शाळेत पट्टी, उलट बोललं की घरी धपाटा. आईने दिलेल्या धपाट्यानंतर अर्ध्या तासाने तीच जेवायला वाढायची आणि विषय संपायचा. आम्ही तीन भावंडं, तिघंही धड निघालो. आईचा राग आजही कुणाच्या मनात नाही. हे सगळं नर्सच्या फॉर्मवरच्या दोन ओळींत कसं मावणार? तिथे नुसतं "बालपणी मारहाण" असंच राहणार ना? माझ्या आईच्या नावापुढे, नॉर्वेच्या सरकारी दप्तरात! याचा मला जो संताप आला तो अजून पुरता गेलेला नाही. शिवाय सांगलीहून अळीव-डिंक घेऊन आलेल्या माझ्या सासूला बाहेर काढलं, का तर तीच त्रास देत असेल म्हणून. (तसा प्रश्न आमच्याकडेही बाळंतिणीला कुणी एकटीला गाठून विचारायला हवा, हेही त्याच रात्री सुचलं. पण राग आधी आला.)

रागाच्या खाली भीतीही होती, बाळच काढून नेलं तर? तिचं कारण तुम्हाला ठाऊक असेल. मी राहते स्टाव्हांगरला. २०११ साली याच शहरात एका बंगाली जोडप्याची दोन लहान मुलं बार्नेव्हॅर्नने, म्हणजे इथल्या बालकल्याण खात्याने, ताब्यात घेतली होती. हाताने भरवतात, मुलाला जवळ घेऊन झोपतात म्हणून मुलं नेली, अशा बातम्या आपल्याकडे गाजल्या. खात्याचं म्हणणं की कारण ते नव्हतंच, पण गोपनीयतेमुळे खरं काय ते त्यांनी कधी सांगितलं नाही. इथला कुठलाही भारतीय नवा आला की पहिल्या महिन्यात त्याला ही गोष्ट कुणीतरी ऐकवतंच. गावाकडून फोनवरही तेच, "तिकडे मुलं काढून नेतात म्हणे?"

पण पुढचं कुणी सांगत नाही. दिल्लीने जोर लावल्यावर एप्रिल २०१२ मध्ये मुलं भारतात आली, ती काकांच्या ताब्यात. आईला ती मिळाली नाहीत. तिला पुन्हा आपल्याच देशात भांडावं लागलं आणि जानेवारी २०१३ मध्ये कलकत्ता हायकोर्टाने मुलं तिच्याकडे दिली. तेव्हा आईला मुलांपासून लांब ठेवायला नॉर्वेजियनच व्हावं लागतं असं काही नाही.

तरी मी इथल्या खात्याची वकिली करणार नाही. मुलाला मारण्यावर इथे १९८७ पासून बंदी आहे. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हलक्या चापटीला वाट ठेवली होती, ती २०१० मध्ये कायदा सुधारून बंद केली. हे ठीकच आहे, माझा हात तसाही उठत नाही. शिक्षक, डॉक्टर, नर्स यांना गंभीर शंका आली तर खात्याला कळवणं बंधनकारक आहे, तेही समजू शकते. बहुतेक घरांत खातं येतं ते मदतच करायला, सल्ला द्यायला, हेही खरं. पण एकदा मूल काढून दुसऱ्या कुटुंबाकडे सांभाळायला दिलं की जन्मदात्यांना भेटी वर्षातून मोजक्या, त्याही कुणाच्या तरी देखरेखीखाली. आणि मग तेच खातं म्हणणार, मुलाला आता तिकडचीच सवय झाली! हे बाहेरून आलेल्यांच्याच वाट्याला येतं असं नाही. एका नॉर्वेजियन आईचं जेमतेम काही आठवड्यांचं बाळ काढून पुढे दत्तक दिलं होतं. स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये नॉर्वेला त्यात दोषी ठरवलं. त्यानंतरही अशा कितीतरी प्रकरणांत नॉर्वे हरला. शेवटी २०२० मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की मूल परत घरी नेणं हेच ध्येय धरून चाला. नवा कायदा २०२३ पासून लागू आहे. माणसं मात्र तीच आहेत.

आणि हेच सरकार आईबाप मिळून ४९ आठवडे पगारी रजा देतं, त्यातले १५ बापाचे. त्याने घेतले नाहीत तर बुडाले. माझा नवरा आता दुपट्यांच्या घड्या माझ्यापेक्षा नीट घालतो. पुण्यातल्या माझ्या चुलतभावाला मुलगा झाला तेव्हा तिसऱ्या दिवशी तो ऑफिसात होता.

पंधरवड्याने पत्र आलं. मी धडधडत उघडलं. पालकांसाठी मार्गदर्शन वर्ग आहे, ऐच्छिक, यायचं का? एवढंच. मी नाव दिलंय. आग्रह म्हणून नाही, कॉफी बरी असते म्हणे.

नव्याने येणाऱ्यांना माझं एकच सांगणं. भाषा येत नसेल तर दुभाषा मागा, नवऱ्याला मध्ये घालू नका. २०२२ पासून तसा कायदाच आहे आणि पैसे पडत नाहीत. आम्ही पुढच्या भेटीला सासूबाईंसाठी मागितला. मराठी नाही मिळाला, फोनवर हिंदी बोलणाऱ्या एक बाई मिळाल्या. नर्सने विचारलं, बाळाला तेल कुठलं लावता? सासूबाईंनी आधी त्या बाईंना गाव कुठलं, मुलं किती, इकडे कधी आलात, सासू जवळ असते का, हे सगळं विचारून घेतलं आणि मग सांगितलं, खोबरेल.