आमची वाटचाल: एका कढईपासून

2009 च्या दिवाळीत कराडच्या आमच्या स्वयंपाकघरात सासूबाईंनी आणि मी अकरा घरांचा फराळ केला. भांडवल म्हणजे एक सोऱ्या, एक शेगडी आणि सासूबाईंची पितळी कढई. पुढे शेव, चकली, कडबोळी वर्षभर सुरू झाली, मागच्या पडवीत भट्टी आली, मदतीला दोघीजणी आल्या.

सांगायचं आहे ते 2013 चं. पुण्याच्या एका पतसंस्थेला साठ किलो चकली दिली. आठव्या दिवशी फोन आला, "ताई, चकली खवट लागतेय." सगळा माल परत आणला. एक चकली मोडून नाकाशी धरली आणि मला रडूच आलं. भाजणी ताजी होती, शेंगतेल ओळखीच्या घाण्यावरचं होतं.

आमच्याकडे फराळ नेणारे एक निवृत्त प्राध्यापक रसायनशास्त्र शिकवायचे. त्यांनी चकली बाजूला ठेवली आणि कढई मागितली. काठाला बोटाला चिकटणारा तपकिरी राप होता, तळाची कल्हई उडून पितळ उघडं पडलं होतं. पितळेत तांबं असतं, आणि तांब्याचा कणभर अंश तेलात उतरला तरी तेल बिघडवण्याचं ऑक्सिजनचं काम फार वेगाने होतं. आधी पेरॉक्साइडं तयार होतात. 170–180 अंशांना ती टिकत नाहीत, फुटून त्यांची अल्डिहाइडं होतात. खवट वास त्यांचाच. बाकीचे रेणू एकमेकांत गुंतत जातात, तेल दाटतं, काठाला राप धरतो.

"तेलाला फेस येत होता का?" सरांनी विचारलं. येत होता. आम्ही त्या बिघडलेल्या तेलातच नव्या तेलाची भर घालून पुढचा घाणा सोडत होतो. मोठ्या कारखान्यात मालाबरोबर इतकं तेल जातं की भरीमुळे कढई ताजी राहते. आमची कढई पसरट, माल थोडा, तेल दिवसभर हवेवर तापत पडलेलं. त्या तेलात ओतलेलं नवं तेलही लगेच त्याच वाटेला लागायचं. आणि शेव-चकली पोटात भरपूर तेल घेऊनच पाकिटात जाते.

त्या आठवड्यात भर बंद केली. स्टीलची अरुंद, खोल कढई घेतली, कारण लोखंडही तांब्याइतकं नाही पण तेच करतं. दर दोन घाण्यांनी चुरा गाळायचा, भट्टी रिकामी असेल तर आच बंद. भाव वाढवावा लागला, काही दुकानदार तुटले. करडई तेलही करून पाहिलं, पण नेहमीच्या करडईत लिनोलेइक आम्ल नावाचं मेदाम्ल तीनचतुर्थांशाच्या घरात असतं आणि ते ऑक्सिजन पटकन घेतं. तळणीला आम्ही शेंगतेलच ठेवलं.

जुलै 2018 पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा लागू झाली: तळणाच्या तेलात एकूण ध्रुवीय संयुगं, म्हणजे तापून बिघडताना तेलात साठत जाणारे पदार्थ, 25 टक्क्यांपर्यंतच. आम्ही मीटर घेतला. माल काढून गरम तेलात दांडी धरायची, आकडा दिसतो. आमच्याकडे 18 आला की तेल उतरवतात, आणि हा निर्णय भट्टीवरची बाई घेते, मला विचारत नाही.

पूर्वी उतरलेलं तेल एक जण रोखीने न्यायचा. ते कुणाच्या कढईत जातं हे मी कधी विचारलं नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं. आता ते बायोडिझेलसाठी नोंदणीकृत संकलकाकडे जातं, लिटर लिहून पावती घेतो. सासूबाईंच्या कढईला कल्हई करून घेतली. ती आता फक्त बुंदीच्या पाकाला.