भोवरा इज बॅक

आज सावंतवाडीत चितारआळीतून दोन लाकडी भोवरे आणले, लेकाने बघून तोंड वाकडं केलं, "हे काय बाबा, याला लाँचर कुठाय?" मग सांगितलं की बाळा तुझं ते लाँचरने फिरवायचं बेब्लेड १९९९ ला जपानात आलं ते पण तिकडच्या जुन्या बेगोमा भोवऱ्यावरूनच, पण ऐकतोय कोण. शेवटी खळ्यात गेलो, दोरी गुंडाळली आणि टाकला, पहिला थेट माडाच्या आळ्यात 😅 आई पडवीतून हसतेय. तिसऱ्यांदा मात्र असा फिरला की जागचा हलेना, नुसती आरीची, म्हणजे खालच्या खिळ्याची, घुंईई, तसाच अलगद तळहातावर घेतला. कार्ट्याचा मोबाईल पायरीवरच राहिला. शेजारची दोघं पण आली, आता खळ्याच्या सारवणाला ही भोकं, आईला कोण सांगणार?