आमची वाटचाल : सुताच्या गावात कॉम्प्युटरचा धंदा

आमचं घर मूळचं सुताच्या धंद्यातलं. भाव पडला की गाठी भरून ठेवायच्या, चढला की काढायच्या, हे वडिलांचं गणित. 2000 साली सोलापूरच्या नवी पेठेत मी कॉम्प्युटर असेंब्लीचं दुकान टाकलं तेव्हाही त्यांचा सल्ला तोच होता: स्वस्त मिळतंय तर भरून ठेव. पण सुताची गाठ गोदामात वर्षभर पडली तरी सूतच राहते. रॅम किंवा हार्ड डिस्क महिनाभर कपाटात राहिली की तेवढ्यात त्याच पैशात सरस माल बाजारात येतो, आणि आपल्या कपाटातला उतरतो. हे त्यांना पटायला बरीच वर्षं लागली.

म्हणून आम्ही ऑर्डर हातात आल्यावरच माल मागवायचो. दुपारी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, म्हणजे कॉम्प्युटरच्या बाजारात, फोन, रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये पार्सल, सकाळी खोकी दुकानात. गिऱ्हाइकाकडून निम्मी रक्कम आगाऊ. सोलापुरात ही अट घालणं म्हणजे भांडण ओढवून घेणं. ‘गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) झाला की देतो’ म्हणणारा माणूस बुडवा नसतो, इथली रीतच तशी. काही जण रागावून दुसऱ्या दुकानात गेले, जाऊ दिले. पंचवीस हजारांच्या मशीनमागे आमचे हजार-बाराशे सुटायचे. महिना दोन टक्क्यांनी दोन महिन्यांचं व्याजच हजार रुपये. उधारी दिली असती तर काम फुकट झालं असतं.

मायकेल डेलने 1984 साली ऑस्टिनमध्ये हॉस्टेलच्या खोलीतून सुरू केलेली कंपनी याच हिशोबावर वाढली, हे पुढे वाचनात आलं. ग्राहकाचे पैसे आधी यायचे, पुरवठादाराचे नंतर द्यायचे, आणि 2000 च्या सुमारास त्यांच्याकडे साठा जेमतेम पाच-सहा दिवसांचा. डेलची प्रतिस्पर्धी असलेल्या कॉम्पॅक कंपनीचा माल डीलरांच्या गोदामात पडून राहायचा. दर उतरला की डीलरला फरक भरून द्यायचा तोही कंपनीनेच. 2002 मध्ये कॉम्पॅक एचपीत गेली. 2005 मध्ये आयबीएमने पीसीचा धंदा लेनोवोला विकून टाकला.

मात्र काटकसर एसएमपीएसवर, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, करू नये, असं माझं ठाम मत आहे. कॅबिनेटबरोबर फुकटात येतो त्यावर 450 वॅट छापलेलं असतं, पण हातात घेतला की इतका हलका, आत काही आहे की नाही अशी शंका यावी. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यातलं मशीन उघडलं की प्रोसेसरच्या पंख्याखाली सुताच्या तंतूंचा थर, बोटाने सोलून काढावा असा. वर पत्र्याची शेड, मे महिना. अशा ठिकाणी हलका एसएमपीएस आधी जातो, कधी जाताना मदरबोर्डही घेऊन जातो. वॉरंटीत आमचा पोरगा दोन खेपा गेला की नफा पेट्रोलमध्ये संपला. त्यामुळे तीनशे रुपये जास्त घालून चांगला बसवायचा हे ठरलेलं. डेलचीही गत वेगळी झाली नाही. 2003 ते 2005 मधल्या कितीतरी डेस्कटॉपांत मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगू लागले, आणि कंपनीला 2005 मध्ये दुरुस्तीपोटी 30 कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. कपॅसिटर म्हणजे दोन-पाच रुपयांची वस्तू.

2011 च्या शेवटी थायलंडमध्ये पूर आला, हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि इथे नवी पेठेत डिस्कचा दर दुपटीच्या आसपास गेला. तेव्हापासून आमच्या कोटेशनखाली ‘दर तीन दिवसांपुरता’ असा शिक्का असतो. शाळांना तो आवडत नाही. त्यांची समिती महिन्यातून एकदाच बसते.

लॅपटॉप स्वस्त झाले आणि असेंब्लीचा जोर ओसरला. खोक्यातून तयार निघणाऱ्या वस्तूत आम्ही जोडणार काय? 2013 मध्ये एचसीएल आणि विप्रोनेही पीसी बनवणं थांबवलं, मग आमच्यासारख्यांनी वेगळं काय करायचं होतं! आता मोठ्या कंपन्यांनी काढून टाकलेले डेस्कटॉप आणतो, एसएसडी आणि रॅम टाकतो, टॅलीपुरते दुकानांना नि क्लासेसना देतो. बाकी भर एएमसीवर, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारावर. त्याचे पैसे तिमाहीच्या सुरुवातीलाच घेतो, आणि त्यावरून अजूनही वाद होतात.