दोन सूत

आप्पांची सायकल माझ्याकडे आली तेव्हा तिच्यात बिघडलेलं असं काही नव्हतं. बावीस इंची काळी फ्रेम, सळीचे ब्रेक, अठ्ठावीसची चाकं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात आप्पा टर्नर होते. ती सगळी नोकरी याच सायकलवर झाली, येळ्ळूर ते उद्यमबाग आणि परत. तक्रार माझी होती, आणि तीही पावसाळ्यापुरती. आमच्याकडचा पाऊस लागला की आठ-आठ दिवस झिमझिमत राहतो, आणि ओल्या क्रोमच्या रिमवर ब्रेकचं रबर धरत नाही. तिसऱ्या रेल्वे गेटाचं फाटक पडलेलं मला दिसत होतं, दोन्ही ब्रेक मुठीत आवळलेले होते, तरी सायकल आपल्या मर्जीनं जाऊन एका रिक्षाच्या पाठीला टेकली. रिक्षावाल्यानं आधी मराठीत विचारलं, मग कन्नडमध्ये. प्रश्न एकच होता.

अॅल्युमिनियमच्या रिमवर पावसातही ब्रेक बरा लागतो, हे कळलं होतं. म्हटलं, चाकंच बदलू. ज्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं, तिथं हे काम अडायचं कारण नाही. (पुढं १९१०मध्ये ते कुंडलच्या माळावर निघून गेले आणि किर्लोस्करवाडी वसली. आमच्याकडं त्यांच्या नावाचा रस्ता राहिला.)

खरं तर मला आधीच एकदा ठेच लागली होती. भाचीच्या सायकलला सव्वीसचं टायर आणायला गेलो होतो. दुकानदारानं 'सव्वीस ना?' म्हणून एक दिलं, मीही घेतलं. घरी तासभर झटापट केली, पण टायर रिमवर चढेचना, मोठ्या भावाला लहानाचा सदरा घालावा तसं, कारण रिम मोठी आणि टायर लहान. शापूरच्या मिस्त्रीमामांकडं नेलं तर ते म्हणाले, "हे पॉइंटचं टायर हाय की हो. तुमची सायकल सुताची."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे टर्नरच्या पोराला सांगायला नको. भाचीचं टायर होतं २६ × १ ३/८, म्हणजे सव्वीस, एक इंच तीन सूत. मी आणलेलं २६ × १.७५. दोन्ही 'सव्वीस', कारण तो आकडा रिमचा नाहीच. हवा भरलेल्या टायरचा बाहेरून बाहेर व्यास साधारण तेवढा भरायचा, म्हणून ते नाव पडलं. टायर जाड असेल तर आत रिम लहान, बारीक असेल तर मोठी. पहिल्याची रिम ५९० मिलिमीटरची, दुसऱ्याची ५५९. पण खरी गंमत पुढंच आहे. २६ × १.७५ आणि २६ × १ ३/४, हे दोन्ही पावणेदोनच ना? शाळेत तरी तसंच शिकवलं. पण अपूर्णांकात लिहिलेलं पावणेदोन अमेरिकेतल्या जुन्या श्विन सायकलींचं, त्याची रिम ५७१ची. दशांशातलं पावणेदोन त्यावर बसत नाही. गणितात बरोबरीचं चिन्ह घालता येतं, रिमवर नाही.

यावरची सुटका टायरच्याच अंगावर बारीक अक्षरात असते. आप्पांच्या टायरवर ४०-६३५ असं होतं. चाळीस ही टायरची रुंदी, आणि ६३५ म्हणजे टायर रिमवर जिथं बसतं तिथला व्यास. हल्लीच्या सायकलींना '७००' म्हणतात, त्यांची रिम ६२२ची. परदेशात त्यालाही कुणी अठ्ठावीस म्हणतात, पण ते आमचं अठ्ठावीस नव्हे. आमच्यात आणि त्यांच्यात तेरा मिलिमीटरचा फरक, म्हणजे चार सूत. आसापासून मोजलं तर दोनच सूत.

"दोन सुतानं काय होतंय?" मी मिस्त्रीमामांना म्हणालो.

"तुम्हाला काय होत नाही. ब्रेकला होतंय."

सळीचा ब्रेक रिमला आतून, आसाच्या बाजूनं, वर ओढून धरतो. जुनी रिम त्यासाठीच तशी घडवलेली असते. अॅल्युमिनियमच्या रिमला ब्रेक बाजूनं चिमटीत धरणारा लागतो, म्हणजे कॅलिपर. पुढच्या चाकाच्या चिमट्याच्या, म्हणजे फोर्कच्या, डोक्यावर मडगार्डच्या बोल्टाचं भोक होतंच, त्यातून मामांनी लांब हातांचा कॅलिपर अडकवला आणि हँडलला केबलचा वेगळा लिव्हर लावला. पुढचा हब, म्हणजे तारा अडकतात तो चाकाचा मधला भाग, जुनाच ठेवला, कारण तो बत्तीस भोकांचा आणि बत्तीस भोकांची ७००ची रिम मिळाली. तारा तेवढ्या आखूड घेतल्या. मागचा हब मात्र चाळीस भोकांचा. जुन्या चालीच्या सायकलींना पुढं बत्तीस, मागं चाळीस. ओझं मागं असतं ना. मामांनी चार ठिकाणी फोन करून चाळीस भोकांची रिम विचारली, दोनदा मराठीत, दोनदा कन्नडमध्ये. कन्नडमध्ये चाकाला गाली म्हणतात आणि हवेला गाळी, त्यामुळं फोनवर कुणाला नेमकं काय हवंय हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही. रिम मिळाली नाही एवढं उमगलं.

मग मागचं चाक राहिलं जुनं, पुढं आलं नवं, त्यावर अडतीसचं टायर. आउट, म्हणजे चाकाचा बाक, काढताना मामा चाक गरकन फिरवायचे, एक डोळा मिटून बघायचे आणि एखादी तार पाव आटा आवळायचे. ते पाहत मी चहा दोनदा घेतला. पंक्चरसाठी दोन मापांच्या ट्यूब ठेवाव्या लागतील का विचारलं तर म्हणाले, "ट्यूब एकच चालतंय. रबर हाय ते, ताणतंय."

आप्पांना मी यातलं काही सांगितलं नव्हतं. नुसतं म्हटलं, पुढचं चाक खराब झालं होतं, बदललं. त्यांनी नव्या रिमवर नख वाजवून पाहिलं, लिव्हर दाबला, ठीक म्हणाले, आणि टांग टाकून मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन आले. उतरले ते सीटकडं बघतच.

"पुढं वाकल्यागत लागालंय," म्हणाले. "किती फरक हाय? दोन सूत?"

मी हो म्हणायच्या आत ते पान्हा शोधायला आत गेले होते.